फियाटवरची आन्येली घराण्याची पकड सव्वाशे वर्षं कशी टिकली?

कार्बुरेटर (धागाकर्ता)

फियाटचा विषय निघाला की आपल्याकडे गप्पा पद्मिनी गाडीवर जाऊन थांबतात. मला मात्र त्या कंपनीच्या मालकांबद्दल लिहायचंय. १८९९ साली तुरिनमध्ये सुरू झालेला कारखाना. त्यानंतर दोन महायुद्धं, मुसोलिनीची राजवट, कामगारांनी घेतलेला ताबा, सत्तरच्या दशकातला दहशतवाद, एकामागून एक वारसांचे मृत्यू, बँकांच्या दारात जायची वेळ. एवढं होऊनही शेवटचा शब्द आजही त्याच घराण्याचा. हे जमलं कसं?

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे खंडन करणाऱ्यांना सोपं जाईल. आन्येलींनी प्रत्येक मोठ्या संकटात कारखाना बाहेरच्या माणसाच्या हाती दिला आणि त्याला मोकळीक दिली. मताधिकार मात्र कधीच हातचा जाऊ दिला नाही. कंपनी याच रीतीने वाचली, हे मला मान्य आहे. पण तिची किंमत बहुतेक वेळा तुरिनच्या कामगारांनी मोजली, हेही तितकंच खरं.

११ जुलै १८९९ रोजी काही सरदार, जमीनदार आणि वकील-व्यावसायिक मंडळींनी कंपनी स्थापन केली. पुढाकार काउंट काचेरानो दि ब्रिकेरासिओ यांचा होता. जोवान्नी आन्येली हे अनेक संस्थापकांपैकी एक. घोडदळातून निवृत्त झालेले, व्हिल्लार पेरोझा गावच्या जमीनदार घरातले. १९०० साली कॉर्सो दांते रस्त्यावरच्या कारखान्यातून २४ गाड्या बाहेर पडल्या. पहिल्या मॉडेलला रिव्हर्स गिअरही नव्हता. ब्रिकेरासिओ १९०४ साली गूढ परिस्थितीत वारले. १९०८ साली आन्येलींवर शेअरच्या भावात फेरफार आणि खोट्या हिशेबांचा खटला उभा राहिला, त्यातून ते निर्दोष सुटले. तोवर संस्थापकांपैकी एक असलेला हा माणूस कंपनीचा धनी झाला होता.

अमेरिकेत फोर्डचं उत्पादन पाहून आल्यावर त्यांनी लिंगोत्तोचा कारखाना उभारायला घेतला. जाकोमो मात्ते-त्रुक्को यांनी आखलेली ही पाच मजली इमारत सुमारे अर्धा किलोमीटर लांब आहे. कच्चा माल तळमजल्यावर यायचा, गाडी मजल्यामागून मजला वर चढत तयार व्हायची आणि शेवटी थेट छतावर निघायची. छतावर दोन्ही टोकांना आतल्या बाजूला उतरती वळणं असलेला चाचणीचा ट्रॅक! चाचणी झाली की गाडी गोल फिरत जाणाऱ्या उतारावरून खाली. १९२३ साली कारखान्याचं उद्घाटन झालं आणि ल कॉर्ब्युझिएसारख्या वास्तुकाराने त्याची मनापासून तारीफ केली. मला स्वतःला हा कारखाना फियाटच्या कुठल्याही गाडीपेक्षा मोठी निर्मिती वाटते.

सप्टेंबर १९२० मध्ये कामगारांनी उत्तर इटलीतले कारखाने ताब्यात घेतले, त्यात फियाटही होती. ताबा सुटल्यावर आन्येलींनी कंपनी सहकारी संस्था करून कामगारांना चालवायला द्यायचा प्रस्ताव ठेवला. तो मनापासून होता की डाव होता यावर आजही वाद आहे. कामगारांच्या पुढाऱ्यांनी तो नाकारला. तीन वर्षांत आन्येली मुसोलिनीने नेमलेले सिनेटर होते.

आता मुद्द्याची गोष्ट. १९२७ साली त्यांनी ईफी नावाची होल्डिंग कंपनी (म्हणजे फक्त दुसऱ्या कंपन्यांचे शेअर धरून ठेवणारी) काढून घरचे शेअर तिच्यात घातले. म्हणजे पुढे मुलं-नातवंडं कितीही झाली तरी फियाटचे शेअर वाटले जाणार नाहीत, वाटणी होईल ती ईफीची. ही दूरदृष्टी लवकरच कामी आली. एकुलता एक मुलगा एदोआर्दो १९३५ साली जेनोआला सी-प्लेनच्या अपघातात गेला. नातू जान्नी तेव्हा १४ वर्षांचा. डिसेंबर १९४५ मध्ये आजोबा गेले, त्याआधी फॅसिस्टांशी संबंधांवरून त्यांच्यावर चौकशी झाली होती. जान्नी चोवीस वर्षांचा होता, आणि कारखान्याची सूत्रं गेली व्हित्तोरिओ व्हाल्लेत्ता या हिशेबशास्त्राच्या प्राध्यापकाकडे. पुढची वीस वर्षं फियाट त्यांनी चालवली.

इथे थांबतो. पुढचं प्रतिसादांत येईलच.

मृण्मयी_वाचते

छान सुरुवात, पण एक शंका. व्हाल्लेत्तांच्या हातात वीस वर्षं कारखाना होता, तर त्यांनी मालकीच का बळकावली नाही? आपल्याकडे अशा गोष्टी कितीतरी घराण्यांत घडल्या आहेत. कारभारी जड होतो आणि वारस बाजूला पडतो.

कार्बुरेटर

कारण शेअर ईफीत आणि ईफी घराण्याची. व्हाल्लेत्तांकडे अधिकार होते, मालकी नव्हती. शिवाय ते खरोखर निष्ठावान होते. १९६६ साली ऐंशी पार केल्यावर त्यांनी जान्नींकडे अध्यक्षपद सोपवलं. जान्नी तोवर ४५ वर्षांचे झाले होते आणि त्यांची तरुणाई बरीचशी फ्रेंच किनाऱ्यावर गेली होती. घराण्याच्या पद्धतीत त्याने काही बिघडलं नाही, हेच मला महत्त्वाचं वाटतं.

पेट्रोलवेडा

मालकीवर बोला, पण गाड्यांना विसरू नका! घराण्याची सत्ता टिकली ती विकल्या गेलेल्या गाड्यांवरच.

त्या गाड्यांमागे एक माणूस होता, दांते जाकोसा. १९३६ ची टोपोलिनो त्यांची, १९५५ ची ६०० त्यांची, १९५७ ची नवी ५०० ही त्यांचीच. ६०० ची किंमत ५,९०,००० लिरा होती. ती रक्कमही कामगाराला एकदम परवडणारी नव्हती, पण हप्त्यांवर शक्य होती. इटलीत लोक स्कूटरवरून चारचाकीत आले ते या दोन गाड्यांमुळे. ५०० चं इंजिन मागे, दोन सिलिंडरचं, हवेने थंड होणारं. कापडी छत गुंडाळून मागे सरकवता यायचं. त्या छताने पत्रा वाचायचा आणि आतला आवाजही बाहेर जायचा. १९७५ पर्यंत ही गाडी बनत राहिली, चाळीस लाखांच्या जवळपास.

आपल्याकडची पद्मिनी म्हणजे त्याच काळातली फियाट ११००. वालचंद हिराचंदांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स कुर्ल्याला ती बनवायची. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा तो गिअर, आणि पुढच्या सीटवर तिघांची दाटी! पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींची गाडीही फियाट ११०० च होती, बँकेचं कर्ज काढून घेतलेली.

जुना_टर्नर

पेट्रोलवेडांचा प्रतिसाद वाचून छान वाटलं, पण त्या ६०० आणि ५०० कोणी बनवल्या तेही इथे यायला हवं. मी आयुष्यभर लेथवर काम केलंय, म्हणून या विषयावर गप्प बसवत नाही.

पन्नास-साठच्या दशकांत दक्षिण इटलीतली हजारो माणसं आगगाडीने तुरिनला आली. १९५१ साली सव्वासात लाखांच्या आसपास असलेलं शहर दहा वर्षांत दहा लाखांवर गेलं. घरं मिळेनात. दक्षिणेतल्यांना खोली भाड्याने मिळणार नाही, अशा पाट्या दारांवर लागायच्या. एकाच खाटेवर पाळीपाळीने झोपायचं, एक कामावरून आला की दुसरा उठून पाळीला जायचा.

आणि ज्या व्हाल्लेत्तांचं वर कौतुक झालं, त्यांच्या काळात डाव्या संघटनेतल्या कामगारांना वेगळ्या वर्कशॉपमध्ये हलवलं जायचं. बाकीच्यांशी त्यांचा संबंध येऊ नये म्हणून! पुढे १९७१ साली तुरिनचे एक न्यायाधीश राफाएले ग्वारिनिएल्लो यांनी कंपनीच्या कचेरीवर छापा घातला, तेव्हा साडेतीन लाखांहून जास्त कार्डं सापडली. माणूस कुठल्या पक्षाचा, चर्चला जातो का, बायको कशी, शेजारी काय म्हणतात, सगळं लिहिलेलं. काम मागायला आलेल्यांचीसुद्धा कार्डं होती. पोलीस खात्यातली माणसं पैसे घेऊन ही माहिती पुरवत होती. खटला तुरिनमध्ये चालला नाही, नेपल्सला हलवला गेला.

माझा प्रश्न साधा आहे. एवढी पाळत ठेवणारी कंपनी वाचली म्हणून आपण तिचं कौतुक करायचं का?

कार्बुरेटर

काका, कार्डांचं प्रकरण लिहिलंत ते बरं झालं. माझ्या मते फियाटच्या इतिहासातलं ते सर्वांत काळं पान आहे, आणि त्या पाळतीचा हिशेब कार्डं सापडायच्या आधीच, १९६९ मध्ये चुकता झाला. त्या वर्षीच्या हिवाळ्याआधीच्या महिन्यांना इटलीत 'तप्त शरद' म्हणतात. तुरिनमधल्या फियाटच्या मिराफिओरी कारखान्यात आज एका विभागात काम बंद, उद्या दुसऱ्यात. पन्नास हजारांवर माणसं जिथे एका साखळीवर काम करतात, तिथे एक दुवा थांबला की सगळं थांबतं.

मिराफिओरीची आठवण तर त्याहून जुनी आहे. १९३९ साली मुसोलिनी उद्घाटनाला आला, समोर हजारो कामगार उभे केले होते आणि त्याच्या भाषणाला जेमतेम टाळ्या पडल्या. मार्च १९४३ मध्ये युद्ध चालू असताना संपाची पहिली ठिणगी पडली ती याच कारखान्यात. त्यामुळे १९६९ चे कामगार आभाळातून पडलेले नव्हते.

त्याच काळात जान्नी आन्येली कंपनी वाढवत होते. १९६६ साली सोव्हिएत सरकारशी करार झाला आणि व्होल्गाकाठच्या तोल्यात्ती शहरात फियाट १२४ वर आधारलेली झिगुली बनू लागली. जगभर ती लाडा म्हणून विकली गेली. १९६९ साली लांचिया ही मोटार कंपनी ताब्यात आली आणि फेरारीचा अर्धा वाटाही. मग तेलसंकट आलं. १९७६ मध्ये पैशासाठी त्यांनी लिबियाच्या सरकारी कंपनीला भागीदार केलं. गद्दाफी आणि फियाट! अमेरिकेला ते दहा वर्षं खुपत राहिलं. शेवटी १९८६ मध्ये सुमारे तीन अब्ज डॉलर देऊन तो वाटा सोडवला गेला.

सह्यकडा

१९८० बद्दल कोणी लिहिणार आहे का? मला वाटतं सगळ्या धाग्याची कळ तिथे आहे.

कार्बुरेटर

लिहितो. त्याआधीचा काळ लक्षात घ्या. रेड ब्रिगेड आणि तशाच डाव्या दहशतवादी गटांनी फोरमनच्या पायांवर गोळ्या झाडणं, गाड्या जाळणं चालवलं होतं. सप्टेंबर १९७९ मध्ये फियाटचे नियोजनप्रमुख कार्लो गिल्येनो यांचा खून झाला. पुढच्याच महिन्यात कंपनीने ६१ कामगारांना हिंसाचाराच्या आरोपावरून काढलं.

सप्टेंबर १९८० मध्ये कंपनीने १४ हजारांवर माणसांना कामावरून कमी करण्याची घोषणा केली. तेव्हा कारभार चेझारे रोमितींच्या हातात होता, हेही घराण्याबाहेरचे. युनियनने मिराफिओरीचे दरवाजे अडवले. कम्युनिस्ट पक्षाचे नेते बेर्लिंगुएर स्वतः दारावर येऊन गेले. सरकार पडलं तेव्हा कंपनीने कपात मागे घेतली, पण २३ हजारांच्या आसपास लोकांना 'कास्सा इंतेग्रात्सिओने'त टाकलं. म्हणजे नाव पटावर, काम शून्य तास, आणि पगाराचा ठरलेला भाग सरकारी निधीतून.

पस्तिसाव्या दिवशी, १४ ऑक्टोबरला, फोरमन, सुपरवायझर आणि कचेरीतल्या मंडळींची एका नाट्यगृहात सभा होती. सभा संपल्यावर ते रस्त्यावर उतरले. मागणी एकच, आम्हाला कामावर जाऊ द्या. वाटेत माणसं मिळत गेली. युनियनच्या आणि पोलिसांच्या आकड्यांत फरक आहे, पण इतिहासात तो 'चाळीस हजारांचा मोर्चा' म्हणूनच नोंदला गेला. त्याच रात्री रोममध्ये युनियनच्या नेत्यांनी कंपनीच्या अटींवर समझोता मान्य केला. इटलीतल्या कामगार चळवळीचा एक काळ त्या रात्री संपला.

जुना_टर्नर

ज्यांना घरी बसवलं त्यांच्यातले कितीतरी पुन्हा आत गेलेच नाहीत. पगाराचा भाग मिळतो म्हणजे पोट भरतं, पण रोज सकाळी पाळीला जाणाऱ्या माणसाला घरात बसवणं काय असतं ते मी जवळून पाहिलंय. आमच्याकडच्या टाळेबंदीत माझ्या शेजारच्या मशीनवरचा माणूस सकाळी सातला डबा घेऊन गेटपर्यंत चालत जायचा आणि परत यायचा. घरच्यांना कळू नये म्हणून. तुरिनमध्ये त्या वर्षांत आत्महत्याही झाल्या.

आणि एक. मोर्चात चाललेल्या फोरमनना मी शत्रू मानत नाही. पायांत गोळ्या खाल्लेली माणसं होती ती. पण त्यांच्या भीतीचा फायदा नेमका कोणाला झाला ते बघा.

सह्यकडा

काकांशी या बाबतीत मी असहमत आहे. गेट अडवून पस्तीस दिवस कारखाना बंद ठेवणं म्हणजे जी गाडी विकली जात नाही ती बनवत राहा असं सांगणं होतं. १९८० नंतर काय झालं ते पहा. डिझाइनर जुजारोंची पांडा ही छोटी गाडी त्याच वर्षीची, १९८३ मध्ये उनो, १९८६ मध्ये सरकारकडून आल्फा रोमिओ. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी इटलीत विकल्या जाणाऱ्या दर दहा गाड्यांपैकी साधारण सहा फियाट समूहाच्या होत्या.

ब्रिटनशी तुलना करा. ब्रिटिश लेलँड १९७५ मध्ये सरकारने घेतली. तिथे मागे उभं राहणारं घराणं नव्हतं. कंपनीचे तुकडे होत होत शेवटचा रोव्हर कारखाना २००५ मध्ये बंद पडला. इटलीत तसं झालं नाही याचं श्रेय आन्येलींना द्यायलाच हवं.

कार्बुरेटर

सह्यकडा, लेलँडचा मुद्दा वजनदार आहे आणि मी तो उडवून लावणार नाही. दीर्घ काळ टिकणारा मालक असणं ही खरोखर ताकद असते. पण ते दहापैकी सहा कशामुळे होते? जपानी गाड्यांच्या आयातीवर इटलीने इतकी कडक मर्यादा घातली होती की वर्षाला दोन-तीन हजारांपलीकडे थेट येऊ शकत नव्हत्या. आल्फा रोमिओ फोर्डलाही हवी होती, ती गेली फियाटकडे. घरी बसवलेल्यांचा पगार सरकारी निधीतून. दक्षिणेतल्या कारखान्यांना सरकारी अनुदान. घराणं खंबीर होतं, पण त्याच्या पाठीशी अख्खं सरकार होतं. संरक्षणाची ही भिंत पडली तेव्हा खरी अवस्था दिसली.

पेट्रोलवेडा

त्या अवस्थेचं एक उदाहरण देतो, इंजिनवाल्यांना आवडेल. डिझेलला कॉमन रेल पद्धतीने मोटारीत आणायचं बरंचसं संशोधन फियाट समूहातच झालं. सगळ्या सिलिंडरांसाठी एकच जाड पाइप, त्यात कायम प्रचंड दाबाखाली डिझेल, आणि इलेक्ट्रॉनिक इशाऱ्यावर उघडणारे इंजेक्टर. त्यामुळे जुन्या डिझेलचा खडखडाट जातो. नव्वदच्या दशकात हे तंत्र पक्कं करून उत्पादनात उतरवायची वेळ आली, तेव्हा हक्क बॉश कंपनीला विकले. १९९७ मध्ये आल्फा १५६ हे इंजिन घेऊन सर्वांआधी आली खरी, पण मग सगळ्या जगाने ते बॉशकडून विकत घेतलं!

पुढचं १.३ मल्टिजेट डिझेल इंजिन तर आपल्याला पाठ आहे. रांजणगावलाही बनायचं आणि मारुती स्विफ्टपासून टाटा व्हिस्टापर्यंत सगळ्यांच्या बॉनेटखाली असायचं. इतकी गुणी इंजिनं देणाऱ्या कंपनीने स्वतःच्या नव्या गाड्यांवर पैसा का घातला नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मृण्मयी_वाचते

पैसा का घातला नाही याचं उत्तर मालकीतच आहे का? म्हणजे नवे शेअर काढून पैसा उभा केला तर घराण्याचा टक्का घसरणार, म्हणून हात आखडता?

हिशेबनीस

मृण्मयी, अगदी मर्मावर बोट ठेवलंत. भांडवल उभारायचं तर घराण्याने स्वतःच्या खिशातून घालायला हवं, नाहीतर टक्का सोडायला हवा. दोन्ही नको असेल तर कर्ज, भागीदार किंवा हक्कांची विक्री. फियाटने आळीपाळीने तिन्ही केलं.

२००० साली जनरल मोटर्सने फियाटच्या मोटार विभागाचा २० टक्के वाटा घेतला. करारात असं कलम होतं की ठरावीक मुदतीनंतर उरलेला विभाग जीएमच्या गळ्यात मारायचा हक्क फियाटला राहील. तेव्हा ते कोणाला विशेष वाटलं नसावं. २००२ मध्ये फियाटला सुमारे चार अब्ज युरोंचा तोटा झाला आणि बँकांनी तीन अब्जांचं कर्ज दिलं, अट अशी की तीन वर्षांनी त्याचे शेअर होतील. म्हणजे सप्टेंबर २००५ मध्ये बँका मोठ्या मालक होणार आणि घराणं ३० टक्क्यांवरून बरंच खाली येणार.

त्याच सुमारास वकील फ्रांझो ग्रांदे स्तेव्हेन्स आणि जानलुइजी गाबेत्ती या घराण्याच्या जुन्या सल्लागारांनी मेरिल लिंच या अमेरिकन बँकेबरोबर एक करार केला होता. शेअर भाव उतरलेले असताना बँकेने गोळा करून ठेवले आणि वेळ येताच ते घराण्याच्या कंपनीने घेतले. टक्का ३० च्या वर राहिला. बाजाराला हे आधी सांगितलं नव्हतं म्हणून नियामकाने दंड केला आणि कोर्टकचेऱ्या पुढे कित्येक वर्षं चालल्या. बाजाराचा नियम असा की ३० टक्के ओलांडणाऱ्याने सगळ्या भागधारकांसमोर खरेदीची खुली देकार ठेवावी. ती टळली. मी व्यवसायाने हिशेबातला आहे. डोकं बिनतोड होतं, पण लहान भागधारकांवर तो अन्याय होता असंच माझं मत आहे.

सह्यकडा

हे वाचून माझं मत थोडं डळमळलं, कबूल. पण तोपर्यंत घरात माणूस तरी कोण उरला होता?

कार्बुरेटर

तीच या घराण्याची शोकांतिका. जान्नींनी पुतण्या जोवान्नी आल्बेर्तोला वारस ठरवलं होतं. पियाज्जो कंपनी उत्तम चालवून दाखवलेला मुलगा, डिसेंबर १९९७ मध्ये कॅन्सरने ३३ व्या वर्षी गेला. त्याच महिन्यात जान्नींनी मुलीचा मुलगा जॉन एल्कान याला संचालक मंडळावर घेतलं, वय २१. नोव्हेंबर २००० मध्ये जान्नींचा एकुलता एक मुलगा एदोआर्दो महामार्गाच्या पुलाखाली मृतावस्थेत सापडला. २४ जानेवारी २००३ रोजी जान्नी गेले. लिंगोत्तोच्या छतावर पार्थिव ठेवलं होतं आणि अंत्यदर्शनासाठी हजारो लोक थंडीत रांगा लावून उभे राहिले, त्यात फियाटचे कामगारही होते. काका, हे मला आजही पुरतं उलगडलेलं नाही. धाकटा भाऊ उंबेर्तो अध्यक्ष झाले आणि मे २००४ मध्ये तेही गेले.

मग पुन्हा जुनीच रीत! बाहेरचा माणूस आणला, सेर्जो मार्किओन्ने. कॅनडात वाढलेले, शिक्षणाने वकील आणि हिशेबतज्ज्ञ, मोटारींचा अनुभव शून्य. त्यांनी वर हिशेबनीसांनी सांगितलेलं कलम पुढे केलं. गळ्यात पडणारा विभाग टाळण्यासाठी २००५ मध्ये जनरल मोटर्सने सुमारे दोन अब्ज डॉलर मोजले! २००७ मध्ये नवी ५०० आली. २००९ मध्ये दिवाळखोरीतल्या क्रायस्लरचा २० टक्के वाटा रोख एक पैसा न देता, छोट्या गाड्यांच्या तंत्राच्या बदल्यात घेतला, आणि जानेवारी २०१४ पर्यंत अख्खी क्रायस्लर फियाटची झाली. मी त्यांना मोटार उद्योगातला या शतकातला सर्वांत धाडसी कारभारी मानतो. जुलै २०१८ मध्ये ते अचानक गेले.

जुना_टर्नर

धाडसी होते, मान्य. पण २०११ च्या जानेवारीत मिराफिओरीच्या कामगारांना मत द्यायला लावलं तेव्हा पर्याय काय ठेवला होता? विश्रांतीची वेळ कमी, पाळ्या वाढवा, संपावर बंधनं. नाहीतर गुंतवणूक दुसरीकडे. ५४ टक्क्यांनी होकार दिला. ज्या युनियनने सही केली नाही तिला कारखान्यातलं प्रतिनिधित्वच नाकारलं. शेवटी २०१३ मध्ये घटनात्मक न्यायालयाने ते चुकीचं ठरवलं. सिसिलीतला तेर्मिनी इमेरेझे कारखाना तर २०११ च्या शेवटी कायमचा बंद झाला.

मृण्मयी_वाचते

आणि आता स्टेलांटिसमध्ये घराण्याचं नक्की किती? प्यूजो घराणंही आत आलं ना?

हिशेबनीस

जानेवारी २०२१ मध्ये फियाट क्रायस्लर आणि प्यूजोची कंपनी एकत्र येऊन स्टेलांटिस झाली. आन्येलींची होल्डिंग कंपनी एक्सॉर हिच्याकडे सुमारे १४ टक्के, सर्वांत मोठा वाटा. प्यूजो घराण्याकडे साधारण निम्मा, फ्रेंच सरकारकडे त्याहून थोडा कमी. अध्यक्ष जॉन एल्कान.

आता खालून वर चढा. एक्सॉरचा अर्ध्याहून थोडा जास्त हिस्सा 'जोवान्नी आन्येली' या नेदरलँड्समधल्या खासगी कंपनीकडे, जिथे शंभरावर नातेवाईक आहेत आणि शेअर घराण्याबाहेर विकता येत नाहीत. त्या कंपनीत सुमारे ४० टक्के 'दिचेंब्रे' या छोट्या संस्थेचे. दिचेंब्रेत ६० टक्के जॉन एल्कान, उरलेले भाऊ लापो आणि बहीण जिनेव्हरा यांचे. गुणाकार केलात तर स्टेलांटिसमधला एका माणसाचा आर्थिक वाटा दोन टक्क्यांपर्यंतही पोचत नाही. पण प्रत्येक मजल्यावर तो सर्वांत मोठा असल्याने शेवटचा शब्द त्याचा. १९२७ ची ईफी ती हीच, फक्त मजले वाढलेत. जॉनच्या आई मार्गेरिता यांनी २००४ मध्ये मोठी रक्कम घेऊन या सगळ्यावरचा हक्क सोडला होता, मग २००७ पासून त्यांनीच दावे लावलेत.

शिवाय २०१४ मध्ये कंपनीची नोंदणी नेदरलँड्सला नेली, कारण तिथल्या कायद्यात दीर्घकाळ शेअर धरून ठेवणाऱ्याला जादा मतं देता येतात. फियाट क्रायस्लरमध्ये एक्सॉरकडे ३० टक्क्यांहून कमी शेअर होते आणि मतं ४० टक्क्यांच्या वर. २०१६ मध्ये एक्सॉर स्वतःही ॲमस्टरडॅमला गेली.

जुना_टर्नर

नोंदणी ॲमस्टरडॅमला, शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात, आणि मिराफिओरीत २०२४ साली तीस हजार गाड्यासुद्धा बनल्या नाहीत. जिथे पन्नास हजारांवर माणसं कामाला होती तिथे! कामगार वर्षातले कित्येक महिने त्याच कास्सा इंतेग्रात्सिओनेवर घरी. त्या वर्षी डिसेंबरच्या पहिल्याच दिवशी स्टेलांटिसचे मुख्य अधिकारी ताव्हारेस यांनी राजीनामा दिला. नवे फिलोझा इटालियन आहेत, बघू.

सह्यकडा

एल्कान तिथे टिकून राहिले म्हणूनच ताव्हारेसना घालवता आलं, हेही लक्षात घ्या. विखुरलेले भागधारक असते तर कोणी विचारलं असतं?

कार्बुरेटर

सह्यकडा, प्यूजो घराणंही दोनशे वर्षांपासून कारखानदारीत आहे आणि तरी २०१४ मध्ये त्यांना फ्रेंच सरकार आणि चिनी डोंगफेंगला बरोबरीने आत घ्यावं लागलं. आन्येलींना ते का टाळता आलं, ही तुलना करायची माझी इच्छा आहे, पण प्यूजोचे ताळेबंद मला जमणार नाहीत. हिशेबनीस, वेगळा धागा तुम्ही काढा ना. काका, तुम्ही मिराफिओरीवर लिहा. पाळ्या, असेंब्ली लाइनचा वेग आणि १९६९ चे संप यांवर तुमच्याइतकं समजून लिहिणारं इथे दुसरं कोणी नाही.

जुना_टर्नर

लिहितो. आधी पेंटशॉपबद्दल लिहीन, तिथल्या हवेबद्दल.